मामांची परगावी शिकणारी मुलगी

चौकातून भाजीबाजाराकडे वळलं की उजव्या हाताला केस कापायचं एक दुकान लागतं. एक खुर्ची, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक आणि बाकावर कालचं वर्तमानपत्र. आजचं वर्तमानपत्र मालक ठेवत नाहीत, कारण आजच्या बातम्या ते स्वतःच सांगतात. या मालकांना सगळे मामा म्हणतात. पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण रंग उडून त्यातली निम्मी अक्षरं गेली, आणि ती कोणती होती हे विचारायची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

मामांचा हात हलका. मान पुढे घ्या, मान वळवा, हे ते तोंडाने सांगत नाहीत, दोन बोटांनी सांगतात. तोंड दुसऱ्या कामात असतं. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या मुलाने परीक्षेत गटांगळी खाल्ली, हे आधी मामांच्या खुर्चीत कळायचं आणि मग त्या त्या घरात. बातमीला ते मीठ लावत, पण चवीपुरतं. आणि गळ्यावर वस्तरा असताना कोण वाद घालणार? त्यामुळे मामांची बातमी खोटी ठरल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. शेजारचा शिंपी म्हणायचा, "मामांकडे माणूस दुसऱ्याच्या घरची खबर घ्यायला जातो. केस कापून मिळतात तो वरकड फायदा."

बेकरीवाल्याच्या भावाचं डोकं फिरलं तेव्हा ती बातमीही याच खुर्चीतून गावभर गेली. त्याला कसले तरी भास व्हायचे, एवढंच खरं होतं. त्याला पावातून आवाज येतात, हे मीठ मामांचं. लोक हसून हसून बेजार झाले. पोरं बेकरीच्या दारात जाऊन पाव कानाला लावायला लागली. पुढे बेकरी बंद झाली आणि ती माणसं कुठेतरी निघून गेली. मामा हळहळले. पाव चांगला असायचा.

मामांना एकच मुलगी. तिला घरात आणि बाहेर सगळे भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी ठरायचीच नाही. शाळेतून आली की दुकानातून गरकन घरात, घरातून दुकानात, बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांची अदलाबदल करून परत पसार. ती सोळा वर्षांची झाली आणि भिंगरी हळूहळू थांबायला लागली.

आधी कोणाच्या ध्यानातच आलं नाही. वयात येणाऱ्या मुली गप्प होतात, असं मामी म्हणाल्या. अभ्यासाचं दडपण असेल, असं मामा म्हणाले. मग मैत्रिणींनी येणं सोडलं, कारण आल्या की ती त्यांच्याशी धड बोलायची नाही, आणि गेल्या की म्हणायची, "त्या एकमेकींना खुणा करतात माझ्याबद्दल." आंघोळीसाठी चारदा हाक मारावी लागायची. दिवसा झोपायची. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायची आणि मान वाकडी करून काहीतरी ऐकायची.

"काय गं?" मामी विचारायच्या.

"काही नाही. नळातून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. वाटलं असेल नुसतं."

एकदा शाळेतून निघाली ती घरी न येता भलत्याच रस्त्याने चालत राहिली, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे तिला काहीतरी सांगतायत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आई, असं कसं असेल? दिवे कसे सांगतील?" आणि रडली. त्यानंतर तिने शाळेत जाणं बंद केलं.

मामी डॉक्टर, डॉक्टर असं म्हणायला लागल्या. मामा म्हणाले, "गप्प बैस. भिंतीला कान असतात." भिंतीच्या कानांबद्दल मामांना जितकी माहिती होती तितकी गावात दुसऱ्या कोणाला नव्हती. अशी बातमी एकदा खुर्चीत बसली की तिचं काय होतं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं. रात्रंदिवस त्यांना एकच धास्ती. पोरीचं काय होणार ही नव्हे. ती होती, पण तिच्या पुढ्यात ही दुसरी उभी होती, की लोकांना कळलं तर तिचं काय होणार.

आणि एके दिवशी पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "मामा, भिंगरी दिसत नाही हल्ली?"

पोस्टमास्तर रोज दाढीला यायचे, आणि दर दोन वाक्यांनंतर खोकायचे. मामांनी ब्रश त्यांच्या तोंडाला लावला, म्हणजे तेवढा वेळ तरी पुढचा प्रश्न येऊ नये. आणि ब्रश फिरवता फिरवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आत्याकडे पाठवली. माझ्या बहिणीकडे. तिकडच्या शाळा चांगल्या."

"अस्सं! बरं केलंत."

इतकं सोपं असेल असं मामांना वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

पण खोटं हे पाळीव जनावरासारखं असतं, त्याला रोज चारा घालावा लागतो. पोस्टमास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रुळली का तिकडे?" मामा म्हणाले, रुळली. शिंप्याने विचारलं, "अभ्यास काय म्हणतो?" मामा म्हणाले, झकास. महिन्याभरात परगावची भिंगरी वर्गात दुसरी आली. पहिली आणायचं मामांच्या मनात होतं, पण एकदम पहिली म्हणजे लोकांना संशय यायचा, मीठ चवीपुरतंच. मग तिला वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळालं. मग ती पोहायला शिकली. आत्याचा हात सढळ, त्यामुळे ती जरा अंगाने भरली. शिंपी म्हणाला, "म्हणजे मापं बदलली असतील." मामा म्हणाले, "बदलली असतील नाही, बदललीच. जाड झालीय चांगली!"

सांगता सांगता मामांचा चेहरा उजळायचा. गिऱ्हाइकं ऐकायची, माना डोलवायची, पुढचं विचारायची. मामांना वाटायचं, बातमी सांगायच्या कलेत आपण आयुष्यात इतके कधी रंगलो नव्हतो.

आणि जी भिंगरी वर्गात दुसरी आली नव्हती, ती आरशाच्या पलीकडे बसलेली असायची.

दुकान आणि घर एकाच इमारतीत. आरसा आहे तिथे पूर्वी दार होतं. घर बांधताना कोणीतरी ठेवलेलं, पण गिऱ्हाइकांसमोर घरातली भांडीकुंडी दिसतात म्हणून मामांनी ते प्लायवूड मारून बंद केलं आणि त्यावर आरसा टांगला. घरात जायला कोपऱ्यात दुसरं छोटं दार आहे. आरशामागच्या खोलीत पूर्वी सामान असायचं. ती खोली रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून मामांनी सामान हलवून भिंगरीला तिथे आणून ठेवलं. खिडकीला जाड पडदा. मागच्या दारानेही बाहेर पडायचं नाही, कोणी पाहिलं तर? परगावी असलेली मुलगी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना दिसून कसं चालेल?

मामी म्हणाल्या, "अहो, पोर कोंडून कोंडून वाळत चाललीय."

"थोडे दिवस गं. बरी झाली की आणूच परत."

"कुठून आणणार? ती गेलीय कुठे?"

मामांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. या वेळी ते उठून दुकानात वस्तऱ्याला धार लावायला गेले.

मामींनी मात्र एक दिवस पदर खोचला. भिंगरी दोन दिवस जेवली नव्हती आणि कान दाबून कोपऱ्यात बसली होती. "उद्या सकाळी मी हिला मोठ्या दवाखान्यात घेऊन जातेय. तुम्ही यायचं तर या, नाहीतर बसा कात्री वाजवत." मामांनी दुकानाच्या दारावर 'आज बंद' लावलं. पोस्टमास्तरांनी रस्त्यातच अडवलं, "कुठे निघालात मामा?" मामा म्हणाले, "मुलीला भेटायला." गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच खरं वाक्य, तेही त्या मायलेकी मागच्या गल्लीतून पुढे गेल्यावर.

दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता आणि बोळाच्या टोकाला डॉक्टरीणबाईंची खोली. मामांना वाटलं होतं, पांढरे केस, जाड चष्मा असं काहीतरी असेल. समोर बसली होती ती जेमतेम तिशीची, केस असे कापलेले की मामांचा हात आपोआप कात्रीकडे गेला असता. एक बाजू अर्धं बोट खाली होती. तेवढ्यानेच मामांचा तिच्यावरचा विश्वास निम्मा उडाला.

ती मात्र भिंगरीशीच बोलली. आई-बापांना तिने बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं आणि मधे बोलायचं नाही म्हणून सांगितलं. झोप कशी लागते, शाळेत काय होतं, मैत्रिणी कोण, असं विचारत विचारत ती आवाजांपाशी आली.

"कोणी नसताना आवाज ऐकू येतात?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "हो."

"कधी कधी, की रोज?"

"नळातला कधी कधी. पण दुसरे रोज. सकाळी सुरू होतात ते जेवणाच्या वेळेपर्यंत. मग परत संध्याकाळी."

"दुसरे म्हणजे किती जण?"

"तीन-चार असतात. एक सारखा खोकतो. एक बाबांसारखा आहे."

मामांनी पाय आखडून घेतले.

"काय म्हणतात ते?"

"माझ्याबद्दलच बोलतात. एकमेकांत." भिंगरीचा आवाज बारीक झाला. "म्हणतात, ती दुसरी आली. तिला बक्षीस मिळालं. ती पोहायला शिकली. ती जाड झाली."

"वाईट बोलतात का? शिव्या वगैरे?"

"नाही. फार कौतुक करतात." तिचे डोळे भरले. "त्याचीच भीती वाटते. ते दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीबद्दल बोलतात आणि तिचं नाव माझं असतं."

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. त्यांचा चेहरा बदलला, म्हणजे गंभीर झाला, हे आरशात दिवसभर चेहरेच बघणाऱ्या मामांना लगेच कळलं.

"तुमच्या घराला लागून बाबांचं दुकान आहे ना? तिथले लोक बोलत असतील, असं नाही वाटलं?"

"आधी वाटलं होतं," भिंगरी म्हणाली. "मग मी नीट विचार केला. मी तर घरातच आहे. बाबांना माहितीय मी घरात आहे. मग ते कशाला सांगतील की ती पोहायला शिकली? बाबा खोटं कशाला बोलतील?" तिने बापाकडे पाहिलं, आणि ज्या नजरेने पाहिलं ती मामांना आजही आठवते. "म्हणजे ते माझ्याच डोक्यात असणार."

डॉक्टरीणबाई मामींकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं होतं मुलगी अजून उंबरठ्यावर आहे. अशी बरीच मुलं असतात आणि त्यातली कितीतरी वेळेवर मदत मिळाली तर मागे फिरतात. पण रोज, इतके स्पष्ट, आपसात बोलणारे आवाज, म्हणजे पाऊल पलीकडे पडलंय असं धरावं लागेल. औषध जरा जोरकस द्यावं लागेल. काही दिवस इथे ठेवून घ्यावं, असं मला वाटतं."

गप्प बसलं तर अब्रू राहत होती. मुलगी दवाखान्यात राहिली असती आणि गावात ती आत्याकडे असती. सगळं कसं बेमालूम बसलं असतं. इतकं चांगलं खोटं आयुष्यात पुन्हा जमणार नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "तो खोकणारा खरा आहे."

"काय?"

"पोस्टमास्तर आहेत ते. रोज येतात दाढीला. आणि बाबांसारखा आवाज आहे तो..." मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तो बाबांचाच आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आयुष्यभर त्यांनी बातम्या सांगितल्या, पण इतकी वाईट कधी सांगितली नव्हती. मधेच अडखळायचे, मागचं पुढे सांगायचे. मामी पदर तोंडाला लावून बसल्या. जाडीचा भाग आला तेव्हा तर डॉक्टरीणबाईंनाही खिडकीकडे बघावं लागलं.

भिंगरीने खुर्ची बापाकडे वळवली. मग म्हणाली, "म्हणजे 'मापं बदलली असतील' म्हणणारा?"

"शिंपी. शेजारचा."

"तोही खरा?"

"खराच."

"आणि नळातून हाक मारणारा?"

मामांनी आठवून पाहिलं. ओढूनताणून हेही आपल्या अंगावर घेता आलं तर बरं, असं त्यांना फार वाटलं. "तो... तो नाही गं आमच्यातला," ते म्हणाले.

भिंगरी हसली का रडली, ते नीट कळलं नाही. दोन्ही झालं असावं. मग ती बापावर अशी काही भडकली की बोळातली परिचारिका आत डोकावून गेली. "मी कान दाबून बसायचे! मला वाटायचं माझं डोकं गेलं! आणि तुम्ही मला पोहायला शिकवत होतात!" डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे बघा मामा. दुकानातले आवाज वजा केले तरी काही गोष्टी उरतात. नळ उरतो, गाड्यांचे दिवे उरतात, मैत्रिणींच्या खुणा उरतात. म्हणजे धोका आहेच. पण पोर उंबरठ्याच्या अलीकडे आहे. सध्या जोरकस औषधाची गरज नाही. तिला वेळेवर झोप हवी, दर आठवड्याला माझ्याकडे येणं हवं, आणि माणसं हवीत. शाळा, मैत्रिणी, रस्ता, चार लोकांत उठबस. खोलीत कोंडून ठेवणं हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेच तुम्ही केलंत."

"लोक नावं ठेवतील म्हणून..."

"ठेवतील. नावं ठेवणारी माणसंसुद्धा माणसंच असतात. आणि अजून एक. तिने विचारलं की आत्ता कोणी काही बोललं का, तर खरं सांगायचं. बोललं असेल तर हो, नसेल तर नाही. हसायचं नाही, समजूत काढायची नाही, मीठ लावायचं नाही. काय खरं आणि काय नाही, हे तपासायला तिला एक भरवशाचा माणूस पाहिजे."

"तो मीच असायला पाहिजे का?" मामांनी विचारलं. "हिची आई आहे की."

"दिवसभर तुमच्या भिंतीला लागून आहे ती. तुम्हीच."

देवाला, दैवाला, कोणाला काय म्हणावं! गावातल्या सगळ्या माणसांतून हे काम मामांच्या गळ्यात पडलं.

घरी येईपर्यंत मामांनी परतीचा बेत रचला होता. सकाळी भिंगरीने मागच्या गल्लीतून बॅग घेऊन बसथांब्यावर जायचं, गाडी आली की गर्दीत मिसळायचं आणि पुढच्या रस्त्याने दुकानासमोरून घरी यायचं. मामा दारात उभे राहून म्हणणार, "आली माझी बाय!" मग म्हणायचं, तिकडची हवा मानवली नाही.

मामी म्हणाल्या, "एवढं ऐकूनही तुमचं डोकं ठिकाणावर आलं नाही?"

"हे शेवटचं गं. त्यानंतर खरंच खरं."

भिंगरी म्हणाली, "मला पोहता येत नाही, बाबा. कोणी विहिरीवर नेलं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत पोस्टमास्तर होते, बाकावर शिंपी. मामा फेस करत होते आणि मनातल्या मनात बसथांब्याचा बेत अजून चाचपून बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यातलं छोटं दार उघडलं आणि भिंगरी दुकानात आली. केस विंचरलेले नव्हते, पायांत मामींच्या चपला. ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

शिंपी म्हणाला, "अरेच्चा, भिंगरी! कधी आलीस?"

"मी गेलेच नव्हते," भिंगरी म्हणाली. "मी मागच्या खोलीत होते. मला बरं नाहीये. मी दवाखान्यात जाते."

मामांच्या हातातला ब्रश पोस्टमास्तरांच्या कानाशी थांबला. आता हसतील, मामांना वाटलं. आता विचारतील, काय होतंय, कुठून आवाज येतात, पावातून का?

पोस्टमास्तर खोकले. मग आरशातून मामांकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"की ती घरात आहे."

"म्हणजे काय? माझी मुलगी, मला माहीत नसणार?"

शिंपी आणि पोस्टमास्तर एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शिंपी म्हणाला, "मामा, रागावू नका. त्या बाकावर बसलं की मागच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. मामी हाका मारतात, ही रडते, भांडं पडतं. बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, गप्प बसणाऱ्याला येतं. पोर भिंतीआड रडतेय आणि तुम्ही सांगताय ती पोहायला शिकली. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, तुमच्याच डोक्यावर परिणाम झालाय," पोस्टमास्तर म्हणाले. "आमची ही म्हणाली, अशा माणसाशी वाद घालू नये, हो ला हो म्हणावं. म्हणून तर मी रोज विचारायचो. तेवढंच तुम्हाला बरं वाटायचं."

"सगळ्यांना वाटलं?"

"सगळ्यांना. भाजीवालीसुद्धा म्हणाली, बिचारे मामा, तोंड बघा कसं उजळतं बिचाऱ्यांचं."

मामा बाकावर बसले. गावभर बातमी होती, घरोघर होती, आणि ती एकट्या मामांनाच कळली नव्हती. आणि बातमी भिंगरीची नव्हतीच. महिनेच्या महिने त्यांनी ज्या अब्रूवर पहारा दिला होता ती त्यांच्या पाठीमागच्या बाकावरून केव्हाच उठून गेली होती, तीही त्यांची स्वतःची.

भिंगरी हसायला लागली. दाबून दाबून, मग मोकळी. शिंप्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "जाड कुठे झालीय? चिपाड झालीय पोर."

"आणि माझी दाढी?" पोस्टमास्तर म्हणाले. "फेस वाळला इकडे."

म्हणून काही सगळं गोड झालं, असं नाही. शाळेत ती आधी अर्धा दिवस जायला लागली, आणि कितीतरी सकाळी दारातूनच परत फिरायची. दोन मैत्रिणी पुन्हा आल्या, एक आलीच नाही. तिच्या आईने पाठवली नाही. बाजारात कुजबुज होतेच. मामा आता दुकानात निम्मंच बोलतात. गिऱ्हाइकांना चुकल्यासारखं वाटतं, काहींनी तर दुसरं दुकान धरलं. डॉक्टरीणबाईंकडे दर आठवड्याला जाणं आहे. मामांनी एकदा त्यांना बसल्या जागी केसांची ती खाली आलेली बाजू कापून दिली.

संध्याकाळी शाळेतून आली की भिंगरी थोडा वेळ दुकानात बसते. चार माणसांत. टॉवेलांच्या घड्या घालते. आणि मधेच थांबून विचारते, "बाबा, आत्ता कोणी काही बोललं का?" बाकावरचे लोक तेवढ्यापुरते गप्प होतात. मामा हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. बहुतेक वेळा नाहीच असतं. नाही म्हणणं त्यांना जमायला लागलं आहे.

परवा बदली होऊन नवीन आलेले एक साहेब दाढीला बसले होते. दुकान भरलेलं. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस. भिंगरी टॉवेल घेऊन मागून गेली तसं साहेबांनी मान न हलवता, ओठांतल्या ओठांत विचारलं, "ती वेडी मुलगी म्हणतात ती हीच का?"

भिंगरी थांबली. "बाबा, आत्ता कोणी काही बोललं का?"

शिंप्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. साहेबांनी आरशातून मामांना डोळ्यांनीच विनवलं. नाही म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, साहेबांची लाज राहिली असती, पोरीच्या कानावर तो शब्द पडला नसता. पण पडला होताच. आणि मामा नाही म्हणाले असते, तर ती पुन्हा त्याच निष्कर्षाला आली असती: बाबा खोटं कशाला बोलतील?

"हो," मामा म्हणाले. त्यांचा वस्तरा हवेत होता. "या साहेबांनी विचारलं, ती वेडी मुलगी हीच का."

भिंगरीने साहेबांकडे पाहिलं, मग बापाकडे. हळूहळू तिचे खांदे खाली आले.

"मलाही तेच ऐकू आलं," ती म्हणाली.

"तेच म्हणाले ते."

"बरं." ती दोन पावलं गेली आणि परत वळली. "आणि त्याच्या आधी कोणी शिट्टी वाजवली?"

मामांनी बाकाकडे पाहिलं. शिंप्याने मान हलवली. मामांनी दोन बोटांनी साहेबांची मान वळवली आणि उरलेल्या गालावर वस्तरा टेकवला.

"नाही गं," ते म्हणाले. "शिट्टी कोणीच नाही वाजवली."

"मला वाटलंच," भिंगरी म्हणाली, आणि तिने पुढचा टॉवेल उचलला.